मिस्त्रीकाका, अप्पांच्या अंगठ्याबद्दल आभार

मिस्त्रीकाका, सा. न.

रविवारी तुम्ही निघालात तेव्हा माझ्या तोंडून धड एक शब्द फुटला नाही. तुम्हाला वाटलं असेल, काय माणूस आहे, साधं बरं वाटलं म्हणूनही सांगत नाही. गळा दाटला होता हो. म्हणून हे पत्र. आणि ते चारचौघांत लिहितोय, कारण आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीला भंगार म्हटलं गेलं तेही चारचौघांतच.

गाडी अप्पांची, १९८७ सालापासूनची. गेल्या उन्हाळ्यात ती तापली आणि इंजिनच्या ब्लॉकलाच तडा गेला. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मोडीत निघालेल्या टॅक्सीचं इंजिन आणलं, तेच १०८९ सीसीचं. ते जागेवर बसलं, पण सुरू होईना. सेल्फ मारला की कार्बोरेटरमधून फाडकन बार निघायचा. ज्यांनी इंजिन चढवलं त्यांनी आधी नवा कार्बोरेटर घ्यायला लावला, मग कॉइल, मग प्लग. बॅटरी दोनदा बसली. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून दहा मिनिटं पाहिलं आणि अप्पांच्या देखत मला म्हणाला, "बाबांना समजवा, हे किलोवर घाला आता." त्या रात्री अप्पा जेवले नाहीत. तीन महिन्यांत यातल्या एकानेही अप्पांशी एक वाक्य बोललं नव्हतं. जे काही बोलायचं ते माझ्याशी.

तुम्ही आलात आणि आधी अप्पांना विचारलंत, "अप्पा, बंद पडायच्या आधी कशी चालत होती?" अप्पा बोलत राहिले. पुण्याला किती वेळा नेली, खंडाळ्याच्या घाटात कशी चढायची, सगळं. तुम्ही मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाहीत.

मग एक नंबरचा प्लग काढलात. मला वाटलं तुम्ही स्वतःच बघाल. तुम्ही अप्पांचा हात धरलात, त्यांचा अंगठा प्लगच्या भोकावर ठेवलात आणि म्हणालात, "हवा लागली की सांगा. गाडी तुमची, तुम्हालाच कळेल." गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मी मागून इंच इंच ढकलत होतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, हात थरथरतो म्हणून आम्ही त्यांच्या हातात चहाचा कपही अर्धाच भरून देतो. तो माणूस श्वास रोखून बॉनेटवर वाकलेला. आणि एकदम ओरडले, "आली! आली!"

तुम्ही प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी उचललीत, आत फिरणारा रोटर बघितलात आणि शांतपणे म्हणालात, "एक नंबरचा पिस्टन दाबात वर आलाय, आणि करंट चाललाय चार नंबरला." एवढंच झालं होतं. डिस्ट्रिब्युटर अर्ध्या फेरीने उलटा बसवला होता. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत डिस्ट्रिब्युटरची एक फेरी होते, त्यामुळे क्रँकच्या पुलीवरची खूण दोनदा जुळते, एकदा दाबाला आणि एकदा धूर बाहेर जाताना. आधीच्यांनी खूण पाहिली आणि ठिणगीचं टायमिंग लावलं. अंगठा कोणी लावला नाही.

पुढचं काम तुमच्या हाताला पाठ होतं. प्लगच्या वायरी एक-तीन-चार-दोन या क्रमानं, मग पॉइंटला, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या स्विचला, बल्ब जोडून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवणं. बल्ब पेटला त्या क्षणी तुम्ही अप्पांकडे पाहिलंत, त्यांनी मान हलवली आणि मगच नट आवळलात. काका, तुम्हाला त्यांची परवानगी लागत नव्हती. तरी घेतलीत.

पहिल्या सेल्फला गाडी उठली.

तीस वर्षं टॅक्स्यांचं काम केलंत असं तुम्ही जाता जाता म्हणालात. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरांत गाड्यांचे फोटो खूप आले. त्या गाड्या इतकी वर्षं ज्यांच्या हातांवर धावल्या, त्यांच्याबद्दल मला फारसं काही वाचायला मिळालं नाही. हुशार मेकॅनिक आजही मिळतात. पण म्हाताऱ्या माणसाला बाजूच्या खुर्चीवर बसवून न ठेवता त्याच्याच गाडीच्या कामात घेणारा माणूस मला तीन महिने शोधून एकच मिळाला. तुम्ही तीनशे रुपये सांगितलेत. मी पाचशेची नोट दिली तर दोनशे परत केलेत, आणि निघताना तुमच्या खांद्यावरच्या फडक्यानं अप्पांचा काळा झालेला अंगठा पुसलात. तो अंगठा अप्पांनी सोमवारी सकाळी शेजारच्या काकांना दाखवला. मंगळवारी दूधवाल्याला.

तुमचा वायरी जोडलेला तो बल्ब आमच्या डिकीतच राहिलाय. मी कुरिअरनं पाठवतो म्हणालो, तर अप्पा ऐकत नाहीत. येत्या रविवारी दहाच्या सुमारास आम्ही दोघं घेऊन येतोय. पद्मिनीनंच. घरी असाल ना?