परिवहन मंत्रीसाहेब, भोरला स्वारगेटची फूटपट्टी लावू नका

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य
सा. न.

साहेब, स्पष्टच लिहितोय, राग मानू नका. एसटीचा डेपो तोट्यात गेला की पहिला जाब डेपो मॅनेजरला, भारमान (म्हणजे गाडी किती भरते ते) का कमी, उत्पन्न का घटलं बोला. पण त्याच्या हातात असतं काय हो? तिकीटदर तो ठरवत नाही, डिझेलचा भाव तर नाहीच, नवीन गाड्या कुणाला किती ते वरून ठरतं. शिवाजीनगरचंच बघा ना, 2019 संपता संपता मेट्रोच्या कामासाठी अख्खं स्टँड वाकडेवाडीला हललं, आता यात मॅनेजरने काय करायचं होतं? आणि भोरचा डेपो घ्या, तिथून महाडला जायचं म्हणजे वरंध घाट, तो पावसाळ्यात बऱ्याचदा अवजड गाड्यांना बंद करतात, मग फेऱ्या रद्द करा नाहीतर लांबचा वळसा घाला, डिझेल जास्त जातं आणि पुणे शहरातल्या स्वारगेटच्या फूटपट्टीने मोजलं की कागदावर डेपो नापास.

यावर उपाय जुनाच आहे. डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस, 1978 साली चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या संशोधकांनी मांडलेलं, प्रत्येक युनिटची (आपल्याकडे डेपोची) तुलना सरासरीशी नाही तर त्याच्यासारख्यातल्या सगळ्यात भारी युनिट्सशी करायची. पुढे 1986 मध्ये राजीव बँकर आणि रिचर्ड मोरी यांनी फास्ट फूडच्या दुकानांवर हेच करताना सांगितलं की दुकान किती जुनं, कुठल्या जागेवर, हे मॅनेजर बदलू शकत नाही, तर ते आहे तसं धरा आणि जे त्याच्या हातात आहे त्यातच किती बचत होते तेवढंच विचारा. बास, एवढंच!

म्हणजे मॅनेजरला मोकळं सोडा असं नाही हं. वर्कशॉपमध्ये गाडी किती दिवस पडून राहते, ब्रेकडाउन किती, ड्युट्या कशा लावल्या, हे त्याचंच, तिथे धरा की. उलट घाटाचं निमित्त सांगून झोपा काढणारा यात लगेच सापडतो, कारण शेजारी तसाच घाटातला दुसरा डेपो नीट चाललेला दिसतो.

फक्त एक सांभाळा, डेपो थोडे आणि कारणं ढीगभर घातली की या पद्धतीत तुलनेला सारखा दुसरा डेपोच उरत नाही, जवळपास सगळेच शंभर टक्के पास होतात, आणि आपल्याकडे तेच पहिल्यांदा होईल अशी मला भीती आहे. म्हणून घाट, वस्ती, गाड्यांचं वय अशी दोन-तीनच घ्या आणि यादी मॅनेजर लोकांना विचारून करा. निकाल लावताना प्रत्येक डेपोपुढे एक रकाना जास्त ठेवा, तुलना कुठल्या डेपोंशी केली त्याचा.

आपला,
पुण्यातला एक एसटी प्रवासी