प्रत्येक गोष्ट 'वेट' नसते

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझा इंग्रजी लेख वाचला. पाऊस छान उतरलाय, पण जे जे भिजलं ते ते तुझ्याकडे 'वेट' झालंय: जमीन वेट, हवा वेट, भिंत वेट, घाबरलेल्या माणसाचे हातही वेट. व्याकरणाला धक्का नाही, पण वाचणाऱ्याला त्यातून नुसतं पाणी दिसतं. उकडत होतं की गारठा होता, तुला ते आवडलं की नकोसं झालं, काहीच कळत नाही. इंग्रजीतली ओलाव्याची विशेषणं नेमकं तेच सांगतात.

त्यातला सगळ्यात फसवा 'डॅम्प'. आपल्या 'दमट'शी त्याचा आवाज इतका जुळतो की लिहिताना हात आपोआप तिकडे जातो. पण आपली दमट हवा घामाची, उकाड्याची, ती ह्युमिड. डॅम्प हवा बहुधा गार असते, भुरभुर पावसाची, कपडे वाळू न देणारी. वस्तूला लावला तर डॅम्प म्हणजे थोडंसं ओलं, आणि बहुतेकदा नको तिथे ओलं: मोजे, उशी, ओल आलेली भिंत. (पुसायचा फडका मात्र डॅम्पच हवा.) मुळात हा शब्द ओलाव्याचा नव्हताच, वाफेचा आणि वायूचा होता. कोळशाच्या खाणीत साचणाऱ्या ज्वालाग्राही वायूला, म्हणजे मुख्यतः मिथेनला, अजूनही फायरडॅम्प म्हणतात. हम्फ्री डेव्हीने 1815 मध्ये खाणकामगारांसाठी सुरक्षा-दिवा बनवला तो याच वायूच्या स्फोटांमुळे. आग आणि ओल एकाच शब्दात कशी नांदतात, याचं कोडं तिथे सुटतं.

पाणी डॅम्पइतकंच, पण हवंहवंसं असलं की 'मॉइस्ट'. बी रुजायला माती मॉइस्ट लागते, केक मॉइस्ट असला तर ती स्तुती. त्याच केकला डॅम्प म्हणालीस तर करणाऱ्याचं तोंड उतरेल. गंमत अशी की एवढा गुणी शब्द, पण इंग्रजी बोलणाऱ्या कितीतरी जणांना तो ऐकूनच शिसारी येते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात त्याचा दोष उच्चाराला नव्हे, तर शब्दासोबत मनात येणाऱ्या शारीरिक स्रावांना दिला होता. तेव्हा माणसाच्या अंगाबद्दल लिहिताना मी तरी तो टाळेन. भीतीने किंवा तापात गार, चिकट, घामेजलेला होतो तो हात 'क्लॅमी'.

ह्युमिड हा हवेचा आणि हवामानाचा शब्द, हवामानखात्याच्या कागदावरही चालणारा. 'मगी' म्हणजे तीच हवा, पण वारा पडलेला आणि बोलणारा वैतागलेला. उष्मा नसेल तर मगी म्हणता येत नाही. 'डँक' बरोबर उलटा: सर्द, कोंदट, कुबट वासाचा. तळघर, गुहा, उन्हाचं तोंड न पाहिलेली खोली. डँक जागेची कोणी तारीफ केलेली मी अजून वाचली नाही.

'सॉगी' म्हणताना आधी विचार, की ही वस्तू कडक किंवा कुरकुरीत असायला हवी होती का? भिजून लिबलिबीत झालेला पाव सॉगी, पुठ्ठा सॉगी. पण सादळलेलं बिस्किट सॉगी नव्हे बरं का. ते हवेने मऊ पडलेलं असतं. सॉगी व्हायला ते दुधात बुडावं लागतं. सादळण्याला इंग्रजीत असा एकच नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही, तिथे आपण श्रीमंत आहोत.

'सॉडन' म्हणजे पाणी पिऊन जड झालेलं. एके काळी याचा अर्थ चक्क 'उकडलेलं' असा होता. 'ड्रेंच'चा मूळ अर्थ 'पाजणे'. जनावरांच्या घशात ओततात त्या औषधाला आजही ड्रेंच म्हणतात. 'वॉटरलॉग्ड' जमिनीत मात्र पाणी इतकं तुंबलेलं असतं की मुळांना हवा मिळत नाही. नुसत्या भिजलेल्या अंगणाला तो लावू नकोस.

आणि 'व्हेरी वेट' फार मिळमिळीत वाटतं. बोलताना लोक सोकिंग वेट, ड्रिपिंग वेट म्हणतात; कपड्यांतून पाणी अंगापर्यंत पोचलं की 'सोक्ट टू द स्किन', आपल्या 'चिंब'च्या सगळ्यात जवळचा. मात्र सगळेच वेट खोडू नकोस. न वाळलेला रंग आणि नुकती पुसलेली फरशी, ही दोन्ही वेटच राहू देत.

तुझा,
बाबा