चांदीची जुनी नाणी कृपया घासू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत चांदीच्या जुन्या नाण्यांवर लेख आला, बरं वाटलं, कारण या विषयावर सहसा कुणी लिहीत नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी वाचून राहवेना. एक म्हणजे नाणं जितकं जुनं तितकं महाग, आणि दुसरी म्हणजे शेवटी दिलेली टिप, की बेकिंग सोडा लावून नाणी चकचकीत करा. पहिल्याने गैरसमज होईल, दुसरीने मात्र लोकांच्या घरातली चांगली नाणी कायमची खराब होतील, म्हणून हे पत्र.

आधी वयाचं सांगतो. अथेन्सचं घुबडाचं चित्र असलेलं चांदीचं नाणं साधारण 2400 वर्षांपूर्वीचं, पण ते त्या काळी एवढं पाडलं गेलं आणि एवढ्या संख्येने सापडलंय की साध्या अवस्थेतलं घुबड आजही बऱ्याच संग्राहकांना परवडतं. आणि इकडे अमेरिकेचा मॉर्गन डॉलर बघा, 1893 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेला, मागच्या बाजूला बारीक ‘एस’ अक्षर असलेला, तो फक्त 1 लाख पाडला गेला आणि झिजलेला मिळाला तरी लोक त्यासाठी भरपूर मोजतात. त्याच जातीचा 1921 चा फिलाडेल्फियाचा डॉलर साडेचार कोटींच्या आसपास निघाला, तो कुठेही मिळतो. दोन्हीत चांदी तेवढीच, 26.73 ग्रॅम वजन आणि 90 टक्के शुद्धता. म्हणजे चांदीचा भाव ही फक्त खालची पायरी झाली, त्याच्या वर जे काही मिळतं ते दुसऱ्याच कारणांनी मिळतं.

बरं, किती पाडली हा आकडासुद्धा शेवटचा शब्द नाही, किती उरली ते बघायला लागतं. 1918 च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने 27 कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले, त्यातली बरीच चांदी ब्रिटिश सरकारने विकत घेऊन हिंदुस्थानात रुपये पाडायला पाठवली, आणि कुठल्या वर्षाचे किती डॉलर वितळले याची नोंदच ठेवली नाही. त्यामुळे 1903 सालचा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर अनेक वर्षं अतिशय दुर्मिळ समजला जायचा, आणि 1962 मधे सरकारी तिजोरीतून त्याच्या कोऱ्या नाण्यांच्या पिशव्याच्या पिशव्या बाहेर आल्या आणि भाव एकदम कोसळला! ज्यांनी आधी महागात घेतला होता त्यांचं काय झालं असेल याची कल्पना करा.

नाण्यावरच्या वर्षाचंही तसंच आहे. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचा थेलर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं, घ्या, ती राणी 1780 मधे वारली आणि त्यानंतर वेगवेगळ्या देशांच्या टांकसाळींनी तेच नाणं 1780 हेच वर्ष टाकून पुढची दोनेकशे वर्षं पाडलं, कारण व्यापारात लोकांचा त्याच्यावर विश्वास होता. तेव्हा 1780 वाचून खूश होण्यात अर्थ नाही, बारीक खुणा जुळवून कुठल्या टांकसाळीचं आणि कधीचं ते ठरवावं लागतं.

आता मुख्य मुद्दा, नाण्याची अवस्था. संग्राहक 1 ते 70 असा ग्रेड देतात, 60 आणि त्यापुढे म्हणजे चलनात न फिरलेलं, आणि वरच्या ग्रेडला एका पॉइंटच्या फरकाने किंमत कितीतरी पटीने बदलू शकते. हा ग्रेड देताना उठावदार भाग किती झिजलेत ते बघतात, ठसा नीट बसला होता का ते बघतात (काही नाणी मुळातच पुसट पाडलेली असतात, ती झीज नव्हे) आणि सगळ्यात जास्त बघतात पृष्ठभाग. ठशाच्या प्रचंड दाबाने धातू बाहेरच्या दिशेने सरकतो आणि त्यात अगदी सूक्ष्म रेषा तयार होतात, नाणं दिव्याखाली फिरवलं की त्या रेषांवरून उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो, याला लस्टर म्हणतात. घासलं की हे गेलं. परत आणता येत नाही, कुठल्याच पॉलिशने नाही.

मी हे स्वतः करून बसलोय. वडिलांनी ठेवलेली बारा नाणी मी कॉलेजात असताना टूथपेस्टने घासली, चमकली छान, खूप अभिमान वाटला होता, आणि पुढे एका जाणकाराला दाखवली तर त्याने पहिलंच नाणं दिव्याखाली तिरकं धरलं आणि काही न बोलता परत दिलं. सगळ्यांवर केसासारखे ओरखडे होते. त्यात एक खरंच कमी सापडणारं होतं, त्याचं वाईट मला अजून वाटतं.

काळपटपणा म्हणजे घाण नव्हे हो. हवेतल्या गंधकाने चांदीवर पातळ थर बसतो, तो हळूहळू बसला तर निळा, सोनेरी, जांभळा असे रंग येतात आणि असं नाणं हौशी लोक जास्त पैसे देऊन घेतात. हां, पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिक पाकिटात ठेवल्याने येणारी हिरवट चिकट बुरशीसारखी साय मात्र खरंच नाण्याला खाते, ते वेगळं.

मागणीचंही सांगायला हवं, कारण एखादं नाणं जगात दहाच असलं तरी गोळा करणारे पाचच असतील तर भाव येत नाही. आणि जिथे भाव तिथे नकली माल, साध्या 1893 च्या डॉलरवर बाहेरून ‘एस’ चिकटवून विकणारे आहेत. वजन बरोबर भरलं, लोहचुंबकाला चिकटलं नाही, एवढ्यावर खरं मानू नका, महागाचं असेल तर पैसे देण्याआधी तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

माझी एकच विनंती, पुढच्या अंकात त्या सोड्याच्या टिपबद्दल खुलासा छापा आणि तो जरा ठळक छापा, कारण असे लेख लोक कापून ठेवतात आणि सुट्टीच्या दिवशी काढून करून बघतात.

आपला,
एक नाणेसंग्राहक वाचक