हिमोग्लोबिन बारावर गेले, म्हणजे रक्तक्षय संपला का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. यावर चर्चा झालीच, तर ती गोळ्या नियमित न घेणाऱ्या बायकांना बोल लावून थांबते. या दुखण्याशी अनेक वर्षे संसार करणारी रुग्ण म्हणून मला वाटते, की रिपोर्ट अर्धवट वाचण्याची आपली सवयही तितकीच जबाबदार आहे.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीच्या, रिपोर्टमधला पहिला आकडा तेवढा वाचला जातो. हिमोग्लोबिन बारावर गेले की गोळ्या बंद होतात आणि काही महिन्यांत जिना चढताना पुन्हा धाप लागते. वास्तविक हिमोग्लोबिन सुधारले तरी शरीरातील लोहाचा साठा भरलेला नसतो, म्हणून त्यानंतरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. हा साठा सीबीसीत दिसत नाही. त्यासाठी फेरिटिन ही वेगळी तपासणी लागते, आणि तीही ताप किंवा जंतुसंसर्ग असताना केली तर आकडा फसवा चढलेला येतो.

त्याच कागदावर खाली एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान, दिलेले असते. ते ८० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता संभवते, पण थॅलेसेमिया मायनर हा हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोषही असू शकतो, आणि लोह पुरेसे असताना त्यात लोहाच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फोलिक अॅसिडकडे पाहावे लागते. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील, जे शाकाहारी घरांत नवलाचे नाही, तर एमसीव्ही चक्क नॉर्मल येतो आणि केवळ वाढलेला आरडीडब्ल्यू, म्हणजे तांबड्या पेशींच्या आकारातील तफावत दाखवणारा आकडा, संशयाला जागा देतो.

रक्त जाते कुठे, हा प्रश्न तर क्वचितच विचारला जातो. पाळीतील अतिस्राव, मूळव्याध, पोटातील जंत यांची चौकशी होत नाही. बीट आणि खजुराचा सल्ला मात्र प्रत्येकीला न मागता मिळतो.

ज्यांचा रक्तक्षय पुन्हा उद्भवतो अशा रुग्णांसाठी सर्व शासकीय रुग्णालयांत फेरिटिन व बी-१२ची तपासणी विनामूल्य व्हावी, आणि प्रयोगशाळांनी रिपोर्टखाली इंग्रजीत ‘क्लिनिकली कोरिलेट’ करण्याची, म्हणजे आकडे रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहण्याची, सूचना छापून न थांबता या आकड्यांचा अर्थ मराठीत दोन ओळींत द्यावा, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, सातारा