राज्य चित्रपट पुरस्कार गुणवत्तेचेच राहू द्या, आणि पुरस्कारप्राप्त चित्रपट लोकांना पाहू द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

पुरस्कारांचे निकाल लागले की एक तक्रार हमखास कानावर येते. लोकांनी ज्या चित्रपटाला डोक्यावर घेतले त्याला काहीच नाही, आणि जो कुणी पाहिलाच नाही त्याला मानचिन्ह? मग सूचना सुरू होतात. प्रेक्षकांची मते मागवा, गल्ल्याचे आकडे विचारात घ्या, परीक्षकांची मक्तेदारी मोडा. राज्य मराठी चित्रपट पुरस्कारांच्या बाबतीत आपण या सूचना मान्य करू नयेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पण त्या तक्रारीच्या मुळाशी एक खरे दुखणे आहे आणि त्यावर इलाज करणे आपल्याच हातात आहे, म्हणून पत्र थोडे लांबणार आहे.

लोकप्रिय चित्रपटाला त्याचे बक्षीस तिकीटखिडकीवर मिळालेले असते. पहिल्या शुक्रवारी नाही तर दुसऱ्या आठवड्यात, पण ते मिळते आणि रोख मिळते. पुढच्या चित्रपटासाठी निर्माते दारात येतात, वाहिन्या हक्क विकत घेतात, कलाकारांना जाहिराती मिळतात. टाळ्या-शिट्ट्यांचा कौल मोजणारे सोहळेही आपल्याकडे आहेत. झी टॉकीजचा 'महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?' हा तर प्रेक्षकांच्या मतांवरच चालतो, आणि त्यात वावगे काहीच नाही. प्रेक्षकाने आपल्या आवडत्या नटाला मत द्यावे, मनापासून द्यावे. पण जे काम बाजार आणि वाहिन्या चोख करत आहेत, तेच सरकारने जनतेच्या पैशातून पुन्हा का करावे?

सरकारी पुरस्काराचे काम वेगळे आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' चित्रपटातला तो प्रसंग आठवा. डुकराच्या मागे धावणारे जब्या या दलित शाळकरी मुलाचे कुटुंब, बाजूला हसणारे गावकरी, आणि अचानक शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थांबतो. मग बाकीचे थांबतात. हाताशी आलेले डुक्कर निघून जाते आणि ही माणसे ताठ उभी. पुढे एका दृश्यात पकडलेले डुक्कर बांधून नेले जाते आणि मागच्या भिंतीवर बाबासाहेब, जोतीराव, सावित्रीबाई यांची चित्रे सरकत जातात. तिथे कुणी भाषण करत नाही, संगीताचा मारा नाही. कॅमेरा कुठे ठेवला आणि किती वेळ ठेवला, एवढ्यावर सगळे उभे आहे. या निर्णयाचे मोल कुठल्या गल्ल्यात दिसणार? ते ओळखायला माणसे लागतात, चित्रपट कसा घडतो हे जाणणारी आणि तो पुन्हा पुन्हा पाहायची तयारी असणारी.

आणि अशा माणसांनी ओळखल्यामुळे पुढे काय घडते, तेही याच दिग्दर्शकाच्या वाटचालीत दिसते. मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'फँड्री'ला पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर आला 'सैराट'. २०१६ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले तेव्हा रिंकू राजगुरूच्या कामाची परीक्षकांनी विशेष दखल घेतली. चित्रपट प्रदर्शित झाला २९ एप्रिलला. म्हणजे अकलूजच्या या मुलीचे नाव घरोघरी पोहोचण्याआधी, इथे एकही तिकीट विकले गेलेले नसताना, परीक्षकांनी तिला ओळखले होते. पुढे 'सैराट'ने मराठी चित्रपटाच्या कमाईचे तोवरचे सगळे विक्रम मोडले. त्या वर्षी प्रेक्षकांची मते मागवली असती तर तिला मत कोण देणार होते?

म्हणून दर्जेदार चित्रपट म्हणजे लोकांना न कळणारा, रडका, संथ चित्रपट, ही समजूत मला अजिबात मान्य नाही. निदान महाराष्ट्राने तरी ती मान्य करू नये. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला, एकाच चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला, आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत गणला गेला. बैलगाडीने येऊन तो पाहणाऱ्या माणसांना आणि व्हेनिसच्या परीक्षकांना एकच चित्रपट भावला. असे भाग्य पुन्हा पुन्हा येत नाही, पण येते. आणि ज्या वर्षी येईल त्या वर्षी परीक्षकांनी तो चित्रपट लोकप्रिय आहे म्हणून नाकारू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. गर्दी हा दोष नाही. ती फक्त निकष होऊ नये.

'संत तुकाराम'चे एक दिग्दर्शक शेख फत्तेलाल, म्हणजेच साहेबमामा. राज्य पुरस्कारांत कलादिग्दर्शनाचा पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. सर्वसाधारण प्रेक्षकाला कलादिग्दर्शकाचे नाव माहीत नसते. संकलकाचे, ध्वनिलेखकाचे, रंगभूषाकाराचेही नसते. त्यात प्रेक्षकाची चूक नाही, श्रेयनामावली सुरू होताच सभागृहातले दिवे लागतात. पण मतदान घेतले तर या सगळ्यांचे पुरस्कार ज्या चित्रपटाचा नायक मोठा त्याच चित्रपटाकडे जातील. वाड्याच्या भिंतीवरचा पोपडा खरा वाटावा म्हणून रात्र रात्र खपणाऱ्या माणसाला आयुष्यात दाद मिळण्याची ही एकच जागा आहे.

हा प्रयोग इतरांनी करून पाहिला आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ऑस्कर अकादमीने लोकप्रिय चित्रपटांसाठी वेगळा पुरस्कार जाहीर केला आणि टीका झाल्यावर महिन्याभरात तो मागे घेतला. २०२२ मध्ये त्यांनी ट्विटरवर चाहत्यांची मते मागवली, तर ज्या चित्रपटाला एकही नामांकन नव्हते तो एका दिग्दर्शकाच्या संघटित चाहत्यांच्या जोरावर पहिला आला. आपल्याकडेही चाहत्यांच्या फौजा आहेत, हे आपल्याला सांगायला नको. केरळचा मार्ग मात्र विचार करण्यासारखा आहे. तिथल्या राज्य पुरस्कारांत कलामूल्य सांभाळून लोकप्रिय ठरलेल्या चित्रपटासाठी वेगळा पुरस्कार आहे, आणि निवड परीक्षकच करतात. असे काही आपल्याकडे करायचे असेल तर माझी हरकत नाही. कौल परीक्षकांचा हवा, एवढेच.

आता त्या खऱ्या दुखण्याकडे येतो. 'कुणी पाहिलाच नाही' हा आरोप बहुतेक वेळा खरा असतो, पण दोष चित्रपटाचा नसतो. सांगलीसारख्या शहरात असा चित्रपट लागला तर तो सकाळी साडेनऊला किंवा भर दुपारी लागतो, तोही एका पडद्यावर. मी एकदा असाच एक पुरस्कारप्राप्त चित्रपट पाहायला गेलो. आम्ही मोजून पाच जण होतो, त्यात सुट्टी टाकून आलेले एक जोडपे. खिडकीवरच्या मुलाने अदबीने सांगितले, "सर, पब्लिक नाही, शो कॅन्सल झालाय. पैसे परत घ्या." त्याच पडद्यावर तासाभराने मोठ्या हिंदी चित्रपटाचा जादा खेळ होता. सोमवारी चित्रपट उतरला. आठवडाभराने लोकांत कुजबुज सुरू झाली की चांगला होता म्हणे, तोवर पोस्टरही निघाले होते.

२०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवण्याची सक्ती करायचे ठरवले होते. संध्याकाळी सहा ते नऊची वेळ आधी जाहीर झाली, आणि विरोध झाल्यावर ती दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल केली गेली. ज्याला नोकरी आहे, ज्याची मुले शाळेत आहेत, तो बारा वाजता चित्रपट कसा पाहणार? याउलट 'श्वास' आठवा. त्याने २००४ च्या राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ आणले, 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी. त्याच्या ऑस्कर मोहिमेसाठी शाळकरी मुलांनीसुद्धा पैसे जमवले होते. पुरस्काराची बातमी आणि चित्रपट दोन्ही एकाच वेळी लोकांपुढे असले की मराठी माणूस काय करतो, हे तेव्हा दिसले.

म्हणून माझ्या मागण्या अशा. ज्या चित्रपटांना राज्य पुरस्कार मिळतील त्यांना निकालानंतरचे दोन आठवडे, संध्याकाळी सहानंतरचा एक खेळ, प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी मिळावा. मल्टिप्लेक्स राजी नसतील तर शासनाची आणि महापालिकांची नाट्यगृहे आहेत. तिथे चांगला प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रणा बसवून तिकीट पन्नास रुपये ठेवा. निकाल वेळेवर लागले तरच याचा उपयोग. २०२३ च्या चित्रपटांचे राष्ट्रीय पुरस्कार २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले, आणि आपल्याकडेही मागे पडलेल्या वर्षांचे पुरस्कार एकत्र देण्याची वेळ आलेली आहे. इतक्या उशिराने चित्रपटगृह काय, प्रेक्षकाची आठवणसुद्धा उरत नाही.

आणखी एक. परीक्षकांवरचा अविश्वास मतदानाने जाणार नाही, तो त्यांनी तोंड उघडल्याने जाईल. प्रत्येक पुरस्कारामागचे कारण दहा-बारा ओळींत, परीक्षकांच्या सहीने, निकालासोबतच प्रसिद्ध व्हावे. या नटीचे काम कुठल्या प्रसंगात का मोठे वाटले, या संकलनाने कथेला काय दिले, हे साध्या मराठीत लिहावे. ते वाचून कुणी असहमत होईल, भांडेल, आणि भांडण्यासाठी का होईना चित्रपट पाहील. सगळे चित्रपट परीक्षकांनी मोठ्या पडद्यावर, शेवटपर्यंत पाहिले, याची नोंदही त्यासोबत असावी.

यंदाच्या परीक्षक मंडळाची नियुक्ती करताना शासन निर्णयातच या दोन अटी घालता येतील. नाट्यगृहांतल्या खेळांची सुरुवात सांगलीपासून करायची असेल तर आमचा चित्रपट गट तिकीटविक्रीपासून खुर्च्या लावण्यापर्यंत पडेल ते काम करायला तयार आहे. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
सांगलीतील एक चित्रपट कार्यकर्ता