सल्लागाराची फी आधी वाटून घ्या

मा. संपादक,

ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद ‘स्टेम’ या आपल्या संयुक्त पाणीपुरवठा कंपनीमार्फत एकत्र पाणी घेतात. लहान नगरपरिषदांनाही एकत्र पाणी घेता येईल. पण त्यासाठीचा पाणीखरेदीचा करार तपासणाऱ्या सल्लागाराचे पैसे कोणी द्यायचे, यावरच घोडे अडते.

लोकसंख्येवर वाटणी करू नये. ज्या गावाच्या स्वतःच्या विहिरी आहेत, त्याची मागणी कमी असते. निम्मी फी समान आणि निम्मी मागणीप्रमाणे घ्यावी. समजा फी १२ लाख आणि तीन नगरपरिषदांची मागणी रोज १०, ६ व ४ दशलक्ष लिटर. तर प्रत्येकी २ लाख, शिवाय दर दशलक्ष लिटरला ३० हजार. म्हणजे वाटे ५ लाख, ३.८ लाख आणि ३.२ लाख. नेमणुकीआधीच तिन्ही सर्वसाधारण सभांचे ठराव व्हावेत, रक्कम स्वतंत्र खात्यात जमा व्हावी. नाहीतर एकाचा हप्ता थकतो आणि सल्लागार ऐन वाटाघाटीत काम थांबवतो. मध्येच बाहेर पडणाऱ्याला भरलेला वाटा परत मिळणार नाही, हेही ठरावातच लिहावे.

या खर्चाला कुरकुरणाऱ्यांनी एकच कलम पाहावे: बिल कुठल्या मीटरवर? मुख्य जलवाहिनीच्या तोंडाशी मीटर असेल, तर पुढची गळती नगरपरिषदेच्या माथी. २० दशलक्ष लिटरवर ५ टक्के गळती म्हणजे रोज १० लाख लिटर न मिळालेल्या पाण्याचे पैसे. मीटर टाकीच्या प्रवेशाशीच हवा. किमान उचलीची अट (कमी पाणी घेतले तरी ठरलेल्या किमान पाण्याचे पैसे) आणि पंपिंगच्या वीजदरवाढीचे सूत्रही कराराच्या वाटाघाटीतच पक्के करावे.

– एक निवृत्त पाणीपुरवठा अभियंता