कुटुंबांना समुपदेशनापर्यंत आणणाऱ्यांचे आभार

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली शिफ्ट सांभाळून नवरा, सासूबाई आणि दहावीतलं पोरगं एकत्र बसतील अशी वेळ काढून देणाऱ्या स्वागतकक्षातल्या ताईंचे पहिले आभार. एकटी सून आली की दोष तिच्याच पदरात पडतो आणि घर होतं तिथेच राहतं.

'कुटुंबांसोबत काम केलंय का, फी किती, एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगणार का' हे फोनवरच विचारायला शिकवणाऱ्यांचेही. पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा; खऱ्याला राग येत नाही.

समुपदेशक निवाडा देत नाही. 'पोरगं दार आपटतं तेव्हा आई काय करते? मग बाबा?' असं विचारत भांडणाचा क्रम उलगडतो आणि त्यातली एकच कडी बदलायला सांगतो. सुरुवातीच्या बैठकांत वाद वाढल्यासारखे वाटतात, तिथेच बरेच जण सोडतात. तेव्हा "अजून दोनदा जाऊन या" म्हणणाऱ्या शेजारणींचे खास आभार.

मारहाण असेल तर एकत्र बैठक नको, तिथे बोललेल्याची किंमत घरी मोजावी लागते, हे ठामपणे सांगून महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर देणाऱ्या गावोगावच्या आशा सेविकांचे आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्री-अपरात्री ऐकून घेणाऱ्यांचेही.